बोलणी व्हायच्या आधी साखरपुडा : ‘अर्ली डिसिजन’चा इतिहास



आजचा विषय तुमच्याच पत्रांतून आला आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू अशा ठिकाणच्या मराठी घरांतून दरवर्षी सप्टेंबर उजाडला की मला एकच प्रश्न येतो. “मुलीला पदवीसाठी अमेरिकेत जायचंय. अर्ली डिसिजन कुठल्या कॉलेजला टाकावं?” मी इतिहासाची शिक्षिका आहे. प्रवेशाचा सल्ला देणं हा काही माझा व्यवसाय नाही. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर इतिहासात आहे, असं मला वाटतं. ही पद्धत कोणी आणली, कशासाठी आणली आणि तिच्यातून कोणाचं काय साधलं, हे कळलं की सही करणारा हात जरा विचार करून चालतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या खाजगी कॉलेजांचा नेहमीचा अर्ज साधारण जानेवारीच्या सुरुवातीला जातो. निकाल मार्चअखेरपर्यंत लागतो आणि कुठे जायचं ते १ मेपर्यंत कळवायचं असतं. अर्ली डिसिजनचा अर्ज मात्र १ किंवा १५ नोव्हेंबरला जातो आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो. यात अट एकच, पण ती मोठी आहे. असा अर्ज एकाच कॉलेजला करायचा, आणि ‘हो’ आलं की तिथेच जायचं. बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या असतात. ‘अर्ली ॲक्शन’ नावाचा एक सौम्य प्रकारही आहे. त्यात निकाल लवकर मिळतो, पण बंधन नसतं. काही विद्यापीठं त्यातही अट घालतात की लवकरचा अर्ज दुसऱ्या खाजगी कॉलेजला करायचा नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर अर्ली डिसिजन म्हणजे देण्याघेण्याची बोलणी व्हायच्या आधीच साखरपुडा.

हे सुरू कसं झालं? दुसऱ्या महायुद्धापूर्वी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसारख्या संस्थांत ठरावीक शाळांतली ठरावीक घराण्यांची मुलं यायची. बहुतेक मुलगे एकाच ठिकाणी अर्ज करत आणि तिथेच जात. कोण येणार आणि कोण नाही, याची चिंता कॉलेजला फारशी नव्हती. १९४४च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांचा शिक्षणखर्च सरकारने उचलला आणि चित्र पालटलं. १९४७ साली अमेरिकन कॉलेजांत शिकणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. त्या लाटेनंतरही अर्जांचा ओघ वाढतच राहिला. देशभर घेतली जाणारी सॅट परीक्षा, सोपा झालेला प्रवास आणि वाढलेलं उत्पन्न यांमुळे एकेक मुलगा तीन-चार ठिकाणी अर्ज करू लागला.

आता कॉलेजच्या बाजूने विचार करा. तुमच्याकडे ३०० जागा आहेत. ३००च मुलांना प्रवेश दिला आणि त्यातली निम्मी दुसरीकडे गेली, तर वर्ग अर्धा रिकामा. ६०० जणांना दिला आणि सगळेच आले, तर झोपायला खाटा नाहीत. न्यू इंग्लंडमधल्या लहान कॉलेजांना ही अडचण जास्त जाणवली, कारण त्यांची मुलं शेवटच्या क्षणी हार्वर्ड किंवा येलकडे वळायची. म्हणून १९५०च्या दशकात अशा काही कॉलेजांनी तोडगा काढला. ज्याची पहिली पसंती आम्हीच आहोत त्याने आधी अर्ज करावा आणि तसा शब्द द्यावा. आम्हीही त्याला आधी उत्तर देऊ. याच सुमारास मुलींच्या नामांकित कॉलेजांनीही हा मार्ग धरला. मूळ कल्पनेत खोट नव्हती. मुलाची धाकधूक संपत होती आणि कॉलेजचा हिशेब सोपा होत होता.

मोठ्या तीन विद्यापीठांना त्या काळी याची गरजच नव्हती. त्यांची माणसं निवडक खाजगी शाळांत जात आणि तिथल्या मुलांना ए, बी किंवा सी अशी श्रेणी देत. ए म्हणजे प्रवेश जवळपास नक्की, बी म्हणजे शक्यता आहे, सी म्हणजे आशा सोडा. सरकारी शाळेतल्या हुशार मुलाला ही कुजबुज ऐकूही येत नसे. लवकर खात्री मिळण्याची सोय आधीपासून होतीच, पण ती कोणत्या शाळेत आहात यावर ठरत होती. हा धागा ध्यानात ठेवा, तो पुढे परत लागेल.

इथे एक उपकथा सांगते. त्याच काळात नव्या डॉक्टरांच्या नेमणुकांतही असाच गोंधळ चालला होता. चांगला उमेदवार दुसऱ्याने उचलण्याआधी आपण उचलावा म्हणून इस्पितळं नेमणुका अलीकडे ओढत राहिली. १९४४च्या सुमारास तर पदवी मिळण्याच्या दोन वर्षं आधीच मुलं बांधली जात होती. १९४५ साली ठरलं की अमुक तारखेआधी विद्यार्थ्याची माहिती द्यायचीच नाही. मग रस्सीखेच दुसरीकडे सुरू झाली. उत्तर द्यायला किती मुदत द्यायची? आधी दहा दिवस होते. १९४९पर्यंत बारा तासही इस्पितळांना जास्त वाटू लागले. शेवटी १९५२ साली मध्यवर्ती जुळणीची व्यवस्था आली. उमेदवारांनी आपला पसंतीक्रम द्यायचा, इस्पितळांनी आपला द्यायचा, आणि जुळणी एकाच ठिकाणी व्हायची. रस्सीखेच तिथे थांबली.

पुढे १९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी अशा जुळणीचा सिद्धान्त मांडला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच कॉलेज प्रवेश आणि लग्नाचं स्थैर्य हे दोन विषय जोडीने आले आहेत. शॅप्ली यांना २०१२ साली ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गंमत बघा. ज्या लेखाच्या शीर्षकात कॉलेज प्रवेश आहे, त्यातली पद्धत अमेरिकन कॉलेजांनी पदवीप्रवेशासाठी कधीच स्वीकारली नाही. ती स्वीकारली आपण. २०१५पासून आयआयटी आणि एनआयटींचे प्रवेश जोसामार्फत एकत्र होतात, आणि त्या जागावाटपाच्या मुळाशी हीच कल्पना आहे. तुमच्या मुलाने तिथे फ्रीझ, फ्लोट की स्लाइड यावर डोकं खाजवलं असेल. त्या पद्धतीवर टीका करायला भरपूर जागा आहे. पण तिथे पसंतीक्रम खरा लिहिला म्हणून कोणाचं नुकसान होत नाही, आणि फी किती ते आधीच माहीत असतं. अर्ली डिसिजनमध्ये या दोन्ही गोष्टींची खात्री नसते.

पुन्हा अमेरिकेकडे वळू. १९७०च्या दशकाच्या मध्यावर श्रेण्यांची ती जुनी पद्धत मागे पडली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राउन यांनी बंधन नसलेलं अर्ली ॲक्शन घेतलं, तर कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन्सिल्वेनिया यांनी बंधनकारक अर्ली डिसिजन. तेव्हाही हा मुख्य दरवाजा नव्हता, बाजूची खिडकी होती.

खिडकीचा दरवाजा झाला तो क्रमवारीमुळे. १९८३ साली ‘यू. एस. न्यूज’ या साप्ताहिकाने कॉलेजांची क्रमवारी छापायला सुरुवात केली. त्यात पुढे दोन आकड्यांना मोल आलं. किती टक्के अर्जदारांना प्रवेश दिला हा एक, आणि प्रवेश दिलेल्यांपैकी किती टक्के प्रत्यक्ष आले हा दुसरा. या दुसऱ्या आकड्याला तिकडे ‘यील्ड’ म्हणतात.

मी फळ्यावर एक काल्पनिक हिशेब मांडते. समजा, एका कॉलेजला १,००० मुलं हवीत आणि अर्ज आलेत १२,०००. प्रवेश दिलेल्या तिघांपैकी एकच येतो, म्हणून त्याला ३,००० जणांना ‘हो’ म्हणावं लागतं. म्हणजे प्रवेशाचं प्रमाण २५ टक्के. आता त्याच कॉलेजने ५०० जागा अर्ली डिसिजनने भरल्या. ती ५०० मुलं बांधील असल्याने येणारच. उरलेल्या ५०० जागांसाठी १,५०० जणांना ‘हो’ म्हटलं की पुरे. एकूण प्रवेश झाले २,०००, आणि प्रमाण २५ टक्क्यांवरून १७च्याही खाली आलं. शिक्षक तेच, ग्रंथालय तेच, वर्गखोल्या त्याच. कॉलेज मात्र कागदावर जास्त दुर्मीळ झालं. शिवाय बांधलेल्या मुलाला दुसऱ्या कॉलेजपेक्षा जास्त शिष्यवृत्ती देऊन ओढायची गरज उरत नाही, तो फायदा वेगळाच.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डही बंधनकारक पद्धतीकडे वळले. २००१ साली जेम्स फॅलोज यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात या प्रकारावर कडक लेख लिहिला. २००३ साली ख्रिस्तोफर एव्हरी, ॲन्ड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांचं ‘द अर्ली ॲडमिशन्स गेम’ हे पुस्तक आलं. १४ नामांकित कॉलेजांकडे आलेल्या पाच लाखांहून अधिक अर्जांची माहिती त्यांनी तपासली. निष्कर्ष असा की लवकर अर्ज केल्याचा फायदा सॅटमध्ये सुमारे १०० गुण जास्त मिळवण्याइतका असतो. कॉलेजं तोवर सांगत होती की लवकर येणारी मुलं मुळातच जास्त हुशार असतात, म्हणून त्यांना जास्त प्रवेश मिळतात. आकड्यांनी ते खोडून काढलं.

मग हा १०० गुणांचा फायदा कोणाला मिळतो? ज्याला पैशाची तुलना करावी लागत नाही त्याला. आणि ज्याच्या शाळेत सप्टेंबरातच सगळं समजावून सांगणारा समुपदेशक असतो त्याला. जुन्या ए, बी, सीचा धागा इथे परत लागतो. आता शाळेचं नाव विचारलं जात नाही, बापाची तिजोरी आपोआप विचारली जाते.

हे तिथल्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. २००२ साली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिलमधलं अर्ली डिसिजन बंद केलं. त्याच वर्षी येल आणि स्टॅनफर्ड यांनी बंधन काढण्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २००६मध्ये हार्वर्डने तर लवकरचा अर्जच बंद करायचं ठरवलं. अशा योजना आधीच सुस्थितीत असलेल्यांना आणखी पुढे नेतात, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. थोड्याच दिवसांत प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठही मागोमाग आले. आता सगळे येतील, अशी आशा होती. पण फारसं कोणी आलं नाही. चांगली मुलं लवकर निर्णय देणाऱ्यांकडे जाऊ लागली, आणि २०११च्या फेब्रुवारीत हार्वर्ड आणि प्रिन्स्टन माघारी फिरले. बंधन त्यांनी आणलं नाही, पण लवकरचा अर्ज परत आला. व्हर्जिनिया विद्यापीठाने तर पुढे २०१९ साली बंधनकारक पद्धतही पुन्हा सुरू केली. एकट्याने शस्त्र खाली ठेवलं तर काय होतं, त्याचा हा धडा. डॉक्टरांच्या बाबतीत सगळ्यांनी एकाच दिवशी खाली ठेवलं होतं.

मग सगळ्या कॉलेजांनी मिळून नियम का करू नये? इथे अमेरिकन कायदा आडवा येतो. तिथल्या प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेचा एक नियम होता. अर्ली डिसिजनवाल्यांना चांगलं वसतिगृह किंवा खास शिष्यवृत्ती असली आमिषं दाखवायची नाहीत. न्याय विभागाने म्हटलं की हा स्पर्धेवर घातलेला निर्बंध आहे. सप्टेंबर २०१९मध्ये संघटनेने तो नियम काढून टाकला. म्हणजे आमिष रोखणारा नियमच बेकायदा ठरण्याची वेळ आली. दुसऱ्या बाजूने, २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणं अमान्य केल्यावर अशा सवलतींकडे पुन्हा बोट दाखवलं गेलं. त्या वर्षी व्हर्जिनिया टेकने अर्ली डिसिजन सोडलं. तरीही आज कित्येक खाजगी कॉलेजांत निम्म्या किंवा त्याहून जास्त जागा याच मार्गाने भरतात. यातल्या काही कॉलेजांत जानेवारीत दुसरी फेरीही होते.

आता एका जुन्या सहीची आठवण करून देते. १९१३च्या जूनमध्ये बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका करारावर सही केली. सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानाची शिष्यवृत्ती, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची नोकरी. त्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बंधन तिथेही होतं, आणि आजच्या कुठल्याही अर्ली डिसिजनपेक्षा कितीतरी मोठं होतं. १९१७ साली बडोद्याला परतल्यावर जातीपायी त्यांना राहायला जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली, तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. मला आज त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. त्या कागदावर रक्कम आधी लिहिलेली होती, सही नंतर झाली. अर्ली डिसिजनमध्ये सही आधी होते आणि मदतीची नेमकी रक्कम नंतर कळते. शंभर वर्षांपूर्वीच्या संस्थानी कारकुनाला जो क्रम सरळ वाटला, तो इथे उलटा झाला आहे.

माझ्या इंदूरच्या बहिणीच्या घरी हा प्रश्न अगदी जवळून पाहिला. भाचीला एक कॉलेज मनापासून हवं होतं. वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे, म्हणजे सत्तर लाख रुपये धरून चाला. मेहुण्यांनी ठेवी, भविष्यनिर्वाह निधी, गावाकडची जमीन असा सगळा हिशेब कागदावर मांडला. तो दोन वर्षं पुरत होता. “सही करून टाकू, पुढचं पुढे बघू,” असं ते म्हणत होते. भाची मला म्हणाली, “मावशी, मी सही केली ना, की बाबांना ‘नाही’ म्हणायची सोयच उरणार नाही. ते जमीन विकतील.” सतरा वर्षांच्या मुलीने करार असा वाचला. तिने अर्ली डिसिजन टाकलं नाही. बारावी, जेईई आणि नेहमीचे अर्ज असं सगळं एकदम ओढलं. मार्चमध्ये त्या लाडक्या कॉलेजने नकार दिला. बाकी चार ठिकाणी प्रवेश मिळाला, त्यातल्या दोन ठिकाणी मदतीसह. त्या दोन पत्रांतल्या रकमांत इतका फरक होता की मेहुणे चष्मा काढून पुन्हा वाचत बसले. नोव्हेंबरमध्ये सही केली असती तर हवं ते कॉलेज मिळालं असतं का? असेलही. त्याचं उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही. पण तुलना करायला दोन पत्रं हातात होती, हे खरं.

तर मग अर्ली डिसिजन कुठे टाकावं? इतिहास वाचून मला जे दिसतं ते सांगते.

पहिलं, रकमेचा प्रश्न सहीच्या आधी सोडवा. अमेरिकन कॉलेजांना २०११पासून आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचं गणकयंत्र ठेवणं बंधनकारक आहे. पण ते तिथल्या विद्यार्थ्यांसाठी बनवलेलं असतं, भारतातल्या कुटुंबाचा आकडा त्यात चुकू शकतो. म्हणून प्रवेश कार्यालयाला आणि आर्थिक मदत कार्यालयाला सरळ पत्र लिहून विचारा. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर त्याचा प्रवेशावर परिणाम होतो का? बहुतेक ठिकाणी होतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन अशा मोजक्या संस्था तो होऊ देत नाहीत. यातल्या शेवटच्या चार ठिकाणी अर्ली डिसिजन आहे. मदतीची गरज असलेल्या घराने सही करायचीच ठरवली, तर आधी या यादीकडे पाहावं.

दुसरं, लवकरच्या फेरीतली प्रवेशाची टक्केवारी पाहून हुरळून जाऊ नका. तिच्यात कॉलेजच्या संघासाठी आधीच हेरलेले खेळाडू आणि बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही मोजलेली असतात. त्यांना वगळल्यावर तुमच्या मुलीच्या वाट्याला येणारा आकडा बराच लहान होतो.

तिसरं, मिळालेली मदत पुरत नसेल तर करारातून सुटता येतं, हे खरं आहे. कॉलेजं तसं लिहूनही देतात. पण सुटताना हातात दुसरं पत्र नसतं आणि पुरेसं म्हणजे किती याचा हिशेब कॉलेजही मांडतं. म्हणून आमच्याकडून जास्तीत जास्त एवढी रक्कम जाईल, असा आकडा ऑक्टोबरातच घरात बसून कागदावर लिहा. मुलीसमोर लिहा.

आणि ज्या घराला हा आकडा लिहिण्याची गरजच नाही, त्या घराने जिथे मन आहे तिथे बिनधास्त सही करावी. फक्त शंभर गुणांच्या सवलतीसाठी दुसऱ्या पसंतीचं कॉलेज पहिलं करू नये. चार वर्षं तिथे राहायचं आहे, सवलत डिसेंबरातच संपते.

पुढच्या भागात सॅट परीक्षेचा जन्म. १९२६च्या जूनमध्ये आठ हजार मुलं तिला पहिल्यांदा बसली, तिथून सुरुवात करू. प्रश्न असतील तर लिहा, मी वाचते.